ज्याचे पाणी आपल्या हाती



काचेच्या टाकीतल्या सोनेरी माशाची शेपटी झडू लागली, त्याचे पर चिरगुटासारखे फाटले, तर त्या माशाचे काय करावे? प्रश्न ऐकून कोणालाही हसू येईल. ज्या गावांतून रोज पहाटे होड्या निघतात, जाळी ओढली जातात आणि मासळीच्या पाट्या भिगवणच्या बाजारात जातात, तिथे एका शोभेच्या माशाच्या दुखण्याचे कौतुक ते काय? तरीही हा प्रश्न आम्हाला विचारला जातो, आणि बहुतेक वेळा तो लहान मुले विचारतात. मुलांचे प्रश्न हसण्यावारी नेऊ नयेत. त्यांच्या प्रश्नामागे पुष्कळदा मोठ्यांचा प्रश्न दडलेला असतो. जो जीव आपण विकत घेतला, घरी आणला आणि चार भिंतींत कोंडला, त्याचे आपण किती देणे लागतो?

घरोघरी या प्रश्नाची तीन उत्तरे ऐकू येतात. पहिले उत्तर असे : ‘टाकून द्या, बाजारातून दुसरा आणू.’ दुसरे : ‘त्याच्या नशिबात असेल तर जगेल.’ आणि तिसरे, जे सर्वांत दयाळू वाटते : ‘बिचाऱ्याला धरणात सोडून द्या, एवढे मोठे पाणी आहे, कुठेतरी सुखाने राहील.’ या तिन्ही उत्तरांचा आज आपण शांतपणे विचार करू या. विशेषतः तिसऱ्याचा, कारण आपल्या उजनीकाठी ते देणे फार सोपे आहे.

दुखणे कोणाचे?

आधी दुखणे समजून घेतले पाहिजे. न समजता केलेली दया पुष्कळदा नुसती घाई असते.

सोनेरी मासा मूळचा चीनमधला. तेथील लोकांनी हजार वर्षांहून अधिक काळ निवड करत करत त्याला आजचा रंग आणि लांब शेपटी दिली. कुळाने तो आपल्या रोहू, कटला आणि मृगळ यांचाच भाऊबंद आहे, कार्प कुळातला. त्याचे पर म्हणजे त्याचे हातपाय. पुढे जाणे, वळणे, तोल सांभाळणे, एका जागी स्थिर राहणे हे सारे त्या पातळ पडद्यांवर चालते.

हे पर कधी टाकीतल्या टोकदार दगडामुळे किंवा प्लॅस्टिकच्या झाडामुळे फाटतात, कधी दुसरा मासा ते चावतो. पण सर्वांत नेहमीचे दुखणे म्हणजे पर सडणे. आधी कडा पांढुरक्या, दुधाळ होतात, कधी लाल रेषा दिसतात, मग कडा झिजत झिजत आत सरकते. हे काम जंतूंचे असते. पण गंमत अशी की हे जंतू जवळजवळ प्रत्येक पाण्यात असतातच. धडधाकट मासा त्यांना दाद देत नाही. मासा अशक्त झाला की मगच ते त्याला खाऊ लागतात.

मग मासा अशक्त का होतो? बहुतेक वेळा पाण्यामुळे. मासा आपल्या कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकत असतो. उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. नदीत हे सारे वाहून जाते, पसरते, विरते. काचेच्या भांड्यात ते जाणार कुठे? जुन्या, रुळलेल्या टाकीत काही उपयोगी जंतू गाळणीच्या स्पंजात आणि वाळूत वस्ती करतात आणि अमोनियाचे रूपांतर कमी घातक क्षारांत करतात. नव्या टाकीत ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. टेबलावरच्या लहान गोल भांड्यात तर ती धड बसतच नाही. पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसते, मुले त्यात खाद्य टाकतात, आणि मासा स्वतःच्याच मैल्यात दिवस काढतो.

म्हणजे दुखणे माशाच्या अंगावर दिसते, पण त्याचे मूळ पाण्यात असते. आणि ते पाणी माशाने निवडलेले नसते. भांडे किती मोठे असावे, त्यात किती मासे असावेत, पाणी कधी बदलावे, खाद्य किती टाकावे, हे सारे आपण ठरवलेले असते. आमच्या मते आजच्या प्रश्नाची किल्ली इथे आहे.

देणे कुठून उपजते?

मुक्या जिवांशी कसे वागावे, यावर विचारवंतांनी पुष्कळ खल केला आहे. सतराव्या शतकातल्या देकार्तला प्राणी हे एक प्रकारचे यंत्रच वाटत होते. त्याच्या आधी, तेराव्या शतकात, संत थॉमस अक्वायनस यांनी सावधपणे सांगितले की जनावरांशी क्रूर वागण्याची सवय लागली की माणूस माणसांशीही क्रूर होतो. अठराव्या शतकात कांटचा विचारही याच वाटेने गेला. त्याच शतकात, १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, बेंथम या इंग्रज विचारवंताने प्रश्नच बदलला. प्राण्याला बुद्धी आहे का, वाचा आहे का, हे विचारण्यापेक्षा त्याला वेदना होते का हे विचारावे, असे त्याचे म्हणणे होते.

माशाला वेदना होते का? पुष्कळ दिवस लोक ‘नाही’ म्हणत आले. २००३ साली स्कॉटलंडमधील लीन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट जातीच्या माशांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. इजा ओळखणारे मज्जातंतू माशाच्या डोक्यावर आहेत, हे त्यांना दिसले. ओठांत दाहक द्रव्य टोचलेले मासे तळाच्या खड्यांवर ओठ घासू लागले आणि बराच वेळ खाण्याकडे फिरकले नाहीत. माशाला आपल्यासारखी जाणीव असते का, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून चालू आहे. पण ज्याला शंका आहे त्याने शंकेचा फायदा दुबळ्याला द्यावा, एवढे शहाणपण आपल्याकडे असायला हरकत नाही.

तरी वेदनेच्या प्रश्नावर सगळे भागते असे आम्हाला वाटत नाही. धरणात जाळ्यात सापडलेल्या चिलापीलाही वेदना होत असेल. मग आपला मच्छीमार बांधव दोषी ठरतो काय? मुळीच नाही. प्रभू येशूचे पहिले शिष्य मच्छीमार होते, आणि पुनरुत्थानानंतर प्रभूने सरोवराच्या काठी आपल्या शिष्यांसाठी निखाऱ्यांवर मासे ठेवले होते, हे आपण योहानाच्या शुभवर्तमानात वाचतो. धरणातला मासा स्वतःच्या पाण्यात जन्मतो, स्वतःचे अन्न शोधतो, स्वतःच्या मार्गाने वाढतो. त्याचे मरण माणसाच्या भुकेच्या कामी येते. त्याला उगाच छळू नये, वाया घालवू नये, विणीच्या हंगामात जाळे आवरावे, एवढे आपले त्याच्याशी नाते.

टाकीतल्या माशाचे तसे नाही. त्याच्या सगळ्या वाटा आपण बंद केल्या आहेत. पाणी बिघडले तर तो दुसऱ्या पाण्यात जाऊ शकत नाही. भूक लागली तर अन्न शोधू शकत नाही. चावणाऱ्या सोबत्यापासून दूर पळू शकत नाही. ज्या दिवशी आपण त्याला पिशवीतून टाकीत ओतले, त्या दिवशी त्याचे नदी, पाऊस, ऋतू हे सारे आपण झालो. हा मासा चिलापीपेक्षा मोलाचा आहे म्हणून आपण त्याचे देणे लागतो, असे नव्हे. त्याच्या जगण्याची दुसरी सोय आपण ठेवली नाही, म्हणून लागतो.

आपल्या देशाचा कायदाही हेच म्हणतो. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० सालचा कायदा आपल्या तिसऱ्या कलमात, प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावर त्याच्या हिताची काळजी घेण्याचे आणि त्याला विनाकारण यातना होऊ न देण्याचे कर्तव्य टाकतो. प्राण्याची किंमत किती, हे तो विचारत नाही. तो कोणाच्या ताब्यात आहे, हे विचारतो.

किमतीवरून आठवले. मत्तयच्या शुभवर्तमानात दोन चिमण्यांना एक दमडी असा भाव आहे. लूकच्या शुभवर्तमानात पाच चिमण्यांना दोन दमड्या आहेत. हिशेब करून पाहा. चार चिमण्यांचे दोन दमड्या झाले, पाचवी वरकड, फुकटात दिलेली. आणि त्या पाचव्या चिमणीचाही देवाला विसर पडत नाही, असे प्रभू सांगतो. ‘दुसरा आणू’ असे म्हणताना ही फुकटातली चिमणी आठवावी.

दया की सुटका?

आता धरणात सोडण्याकडे वळू. यामागचा भाव चांगला असतो, हे आम्ही मान्य करतो. पण नीतीच्या प्रश्नात भाव चांगला असून भागत नाही, कृतीचे काय होते हेही पाहावे लागते.

फाटक्या परांचा, भडक रंगाचा, आयुष्यभर आयते खाल्लेला मासा यशवंतसागरात सोडला तर काय होईल? बगळा किंवा पाणकावळा त्याला टिपेल, किंवा पर सडत सडत तो मरेल. फरक एवढाच की हे आपल्याला दिसणार नाही. आपण त्याला त्याच्या यातनेतून सोडवलेले नसते. त्याची यातना पाहण्यातून आपण स्वतःची सोडवणूक केलेली असते.

आणि तो जगला तर? मग प्रश्न अधिक वाढतो. गेल्या काही वर्षांत उजनीत जाळी टाकणाऱ्यांना सकर मासा चांगलाच ठाऊक झाला आहे. हा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. शोभेच्या टाकीत काचेवरचे शेवाळ खातो म्हणून लोक तो पाळतात, मोठा झाला की नकोसा होतो, मग कोणीतरी ‘दया’ म्हणून ओढ्यात, तळ्यात सोडतो. भारतात अनेक ठिकाणी तो पाण्यात पसरला आहे तो अशाच मार्गांनी. त्याच्या टणक, काटेरी अंगाने जाळी फाटतात. बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. तो काठाच्या मातीत बिळे करतो आणि इतर माशांचे अन्न तोडतो. आज उजनीची ओळख बनलेली चिलापीसुद्धा बाहेरचीच, तिची जात १९५२ साली भारतात आणली गेली. तिने अनेकांना रोजगार दिला हे खरे, पण देशी माशांच्या वाट्याचे पाणी तिने व्यापले हेही खरे. सोनेरी माशाची कथाही निराळी नाही. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात बर्न्सव्हिल नावाचे शहर आहे. तेथील तळ्यात लोकांनी सोडलेले सोनेरी मासे फुटबॉलएवढे वाढलेले आढळले, आणि २०२१ साली नगर प्रशासनाला लोकांना विनंती करावी लागली की पाळलेले मासे तळ्यांत सोडू नका. शिवाय आजारी मासा आपले जंतू आणि अंगावरचे परोपजीवी घेऊन जातो, आणि धरणातले रोहू-कटला त्याचेच भाऊबंद आहेत.

येथे कोणी म्हणेल, ‘फादर, संत फ्रान्सिसने तर मासा सोडून दिला होता.’ बरोबर आहे. त्याच्या जुन्या चरित्रात ती हकिकत आहे. रिएतीच्या सरोवरात तो होडीत बसला असताना एका कोळ्याने नुकताच पकडलेला मोठा मासा त्याला भेट दिला. फ्रान्सिसने त्याला बंधू म्हटले आणि परत पाण्यात सोडले. पण नीट पाहा. तो मासा त्याच सरोवराचा होता, ताजा पकडलेला होता, धडधाकट होता. फ्रान्सिसने त्याला त्याच्या घरी पाठवले. आपण टाकीतला मासा धरणात सोडतो तेव्हा त्याला घरी पाठवत नाही, घरातून काढतो.

मग करावे काय?

उत्तर साधे आहे आणि थोडे कष्टाचे आहे. औषधाआधी पाणी सुधारावे. दुखणे असेपर्यंत रोज किंवा दिवसाआड टाकीतले चौथा हिस्सा पाणी बदलावे, सगळे एकदम बदलू नये. नळाच्या किंवा टँकरच्या पाण्यात क्लोरीन अथवा टीसीएल असते, म्हणून ते पाणी रुंद, उघड्या बादलीत एक दिवस ठेवून मगच वापरावे. नवे पाणी जुन्याइतकेच कोमट वा थंड असावे. गाळणीचा स्पंज नळाखाली धुवू नये, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा, नाहीतर उपयोगी जंतू मरतात. दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्यावे. टोकदार वस्तू काढाव्यात, चावणारा मासा वेगळा करावा. आयोडीन नसलेले साधे मीठ दहा लिटरला दहा ग्रॅम, म्हणजे साधारण दोन लहान चमचे, आधी वेगळ्या पाण्यात विरघळवून घातले तर पुष्कळदा उतार पडतो. माणसांच्या प्रतिजैविक गोळ्या अंदाजाने टाकू नयेत, पशुवैद्यांना विचारावे. आणि गोल भांडे असेल तर ते माशासाठी बाद करून फुलांसाठी ठेवावे. एका सोनेरी माशालाही सत्तर-पंच्याहत्तर लिटरची टाकी लागते. ती ठेवणे जमणार नसेल, तर मासा न आणणे हीच त्याच्यावरची दया.

पराचे मूळ शाबूत असेल तर काही आठवड्यांत तो पुन्हा वाढतो. नवी कड आधी काचेसारखी पारदर्शक दिसते, मग रंग भरतो. कधी तो थोडा वाकडा वाढतो. वाकड्या पराचा मासाही वर्षानुवर्षे छान पोहतो.

आणि सड अंगापर्यंत पोचली, मासा तळाशी आडवा पडला, खाणे सुटले, उताराची आशा उरली नाही, तर? हा अवघड प्रश्न आहे. माणसाचे जीवन आपल्या हातात नाही, ते कोणत्याही कारणाने संपवण्याचा हक्क आपल्याला नाही, ही ख्रिस्तसभेची शिकवण पक्की आहे. प्राण्याच्या बाबतीत मात्र यातना थांबवण्यासाठी पशुवैद्याच्या सल्ल्याने त्याला शांत मरण देणे हे पाप नव्हे. पण तो निर्णय शेवटचा असावा, पहिला नव्हे. आणि तो कंटाळ्यापोटी घेतलेला नसावा.

माणसांचे काय?

एक आक्षेप उरतो, आणि तो गंभीर आहे. आपल्या भागात उन्हाळ्यात माणसांना टँकरची वाट पाहावी लागते. तिथे माशाच्या टाकीत पाणी ओतणे शोभते काय?

१९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथॉलिक धर्मशिक्षण ग्रंथात या बाबतीत दोन्ही बाजू आहेत. प्राण्यांना विनाकारण यातना देणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. तसेच माणसांचे दुःख हलके करण्यासाठी जो पैसा आधी खर्च व्हावा तो प्राण्यांवर उधळणेही शोभत नाही. आम्हाला हा तोल योग्य वाटतो. शेजारचे पोर वहीपुस्तकांवाचून बसले असताना हजारोंची रोषणाई असलेली टाकी सजवणे ही माशावरची दया नव्हे, ती आपली हौस आहे. पण टाकीतले दोन बादल्या पाणी बदलणे ही उधळपट्टी नाही. ते पाणी वायाही जात नाही, झाडांना ते खतासारखे लागू पडते, फक्त मीठ घातलेले पाणी झाडांना देऊ नये. आणि ज्या घरात टँकरचे पाणी खरोखरच पुरत नाही, त्या घराने मासा आणूच नये. आधी आणायचा आणि मग पाणी नाही म्हणायचे, हे बरोबर नाही.

माणूस आणि मासा यांच्यात आपण निवड करतो आहोत, असे मात्र आम्हाला वाटत नाही. दोन्हीकडे एकच सवय लागते, आपल्या हातात ज्याचे पाणी आहे त्याची आठवण ठेवण्याची. ही सवय नसली तर काय होते, हे उजनीकाठच्या माणसाला कोणी शिकवायला नको. १९८० साली भीमेवरचे हे धरण पुरे झाले. गावेच्या गावे पाण्याखाली गेली. पाणी उतरते तेव्हा पळसदेवचे जुने देऊळ वर येते, आणि वृद्ध माणसे बोट दाखवून आपले घर कुठे होते ते सांगतात. साधारण ११७ टीएमसी क्षमतेच्या या जलाशयाचे पाणी कधी सोडायचे, कोणाला द्यायचे, हे काठावरचा माणूस ठरवत नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात साठा उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेला, तेव्हा मोटारींचे पाइप चिखलातून किती लांब न्यावे लागले ते आपल्याला ठाऊक आहे. आणि वरच्या अंगाला पुणे, पिंपरी-चिंचवड या शहरांचे सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी या नद्यांवाटे भीमेत आणि भीमेतून आपल्याकडे येते. तेथील माणूस दुष्ट नाही. तो मोरी धुतो, पाणी निघून जाते, आणि ते कोणाच्या अंगणात पोचते हे त्याला दिसत नाही.

टाकीतला मासा आपल्याशी याच नात्याने बांधलेला आहे. त्याच्या दृष्टीने आपण वरच्या अंगाला आहोत. ज्याला खालच्या अंगाला राहण्याचे दुःख कळले आहे, त्याने निदान एका टाकीपुरते तरी वरच्या अंगाला नीट राहावे, एवढीच आमची अपेक्षा. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकायला सांगितले, ते याच कारणाने.

म्हणून पालकांना एक विनंती. घरात मासा असेल तर त्याचे पाणी बदलण्याचे काम मुलाला द्या, आणि त्याच्याबरोबर आपणही उभे राहा. रात्री बादली भरून ठेवणे, सकाळी पाणी बदलणे, पराची कड किती वाढली ते पाहणे, हे काही आठवडे चालेल. मासा बरा होईल किंवा होणार नाही. पण पुढे हे मूल पाटकरी होईल, सरपंच होईल, कारखान्याचा अधिकारी होईल, किंवा वरच्या अंगाच्या एखाद्या मोठ्या शहरात घर करील. तेव्हा त्याच्या हातात कितीतरी जणांचे पाणी असेल. ते पाणी खाली कोणाकडे जाते, हे विचारायला त्याने लहानपणीच शिकलेले बरे.